नट हरवलेला पाना

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, नाहीतर मुंबईच्या चोरबाजारात, गोणपाटावर ओतलेल्या लोखंडाच्या ढिगात एखादा तरी पाना असा निघतो, की तो कशाचा हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. ‘मशीनचा आहे,’ एवढंच उत्तर मिळतं. मशीन कुठलं, ते विचारण्यात अर्थ नसतो. ते केव्हाच भट्टीत वितळलेलं असतं. गावाकडच्या घरांतही असा एक पाना माळ्यावरच्या डब्यात किंवा गोठ्याच्या खुंटीला असतो. आजोबांच्या वेळचा म्हणून टाकवत नाही आणि कशालाच लागत नाही म्हणून वापरात येत नाही.

(पाना की पान्हा, हा वाद कारागिरांत नाही, लिहिणाऱ्यांत आहे. गाईला फुटतो तो पान्हा, नटाला लागतो तो पाना.)

किल्लीवरून कुलूप शोधणं अवघड. पान्यावरून नट शोधणं त्या मानानं सोपं, कारण पान्याचं तोंड हा त्या नटाचा साचाच असतो. नट किती कोनी होता, केवढा होता, उघड्यावर होता की खड्ड्यात, किती ताकदीनं आवळायचा होता, हे सगळं पान्याच्या अंगावर उमटलेलं असतं. मात्र ते वाचण्याआधी एक चूक टाळायची. घरी आणल्याआणल्या त्याला ग्राइंडरला किंवा वायर ब्रशला लावायचं नाही. तोंडाच्या कोपऱ्यात साचलेलं काय आहे ते आधी बघायचं. पांढरट, खडूसारखा थर असेल तर पाना पाण्याच्या कामातला. काजळी आणि रॉकेलचा वास असेल तर स्टोव्ह किंवा बत्तीकडे बघायचं. डांबर आणि खडीची भुकटी रस्त्याकडे किंवा रुळाकडे नेते. लाल रंगाचे पापुद्रे अग्निशमनाच्या सामानावर सापडतात, जरी लाल रंग दिसला की आगीचा बंब आठवण्याची घाईही करू नये. गंज रोखायला लावलेला रेड ऑक्साइडही तांबडाच असतो.

मग धातू. पाना दोऱ्याला टांगून दुसऱ्या लोखंडानं हलकेच टिचकवावा. घडीव पोलाद घंटेसारखं वाजत राहतं, साधं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ‘ठक्’ करून गप्प बसतं. कडेची रेघ बघावी. ओतीव पान्याच्या कडेला साच्याचे दोन भाग जुळल्याची बारीक, नखाला लागणारी रेघ असते. ठोकून घडवलेल्या पान्याच्या कडेला रुंद, घासून साफ केलेला पट्टा असतो, कारण डायमधून, म्हणजे घडाईच्या साच्यातून, बाहेर आलेलं जास्तीचं पोलाद तिथून कापून टाकलेलं असतं. तरीही शंका राहिली तर शेपटीच्या टोकावर कानस एकदाच ओढावी. बिडाची काळी भुकटी पडते, पोलादाचा चमकदार कीस निघतो. हे आधी कळलं की निम्मं काम होतं. ओतीव पाना बहुधा यंत्राबरोबर ‘फुकट’ आलेला असतो: नांगर, कडबा कापायचं यंत्र, उसाचा चरक, पेरणीयंत्र. तो कारखान्यानं त्या एका यंत्रापुरता ओतलेला असतो. घडीव पाना कारागिरानं पैसे मोजून घेतलेला असतो आणि तो कुठेही फिरलेला असू शकतो.

आता तोंड. चौकोनी भोक किंवा चौकोनी नटाचं तोंड दिसलं की पाना जुना समजायला हरकत नाही. चौकोनी नट लोहारालाही करता यायचे, षटकोनी नट यंत्रावर स्वस्तात होऊ लागले आणि मागे पडले ते चौकोनी. उघड्या तोंडाच्या पान्यात तर कोनावरूनही नट ओळखता येतो. डोकं दांड्याच्या रेषेत सरळ नसतं, जरा वाकडं असतं. हा वाकडेपणा १५ अंशांचा असेल तर तो षटकोनी नटासाठी. षटकोनी नट पुन्हा पकडायला ६० अंश फिरावा लागतो, पण १५ अंशांचा पाना उलटा करून घातला की ३० अंशांत भागतं, म्हणजे अडचणीच्या जागीही नट फिरतो. वाकडेपणा साडेबावीस अंशांचा असेल तर हिशेब चौकोनी नटाचा: ९० चे उलटून ४५ होतात. कोनमापक नसेल तर कागदाची काटकोनी घडी पुन्हा दोनदा दुमडावी, साडेबावीस अंश हातात येतात. पाच कोनांचं तोंड निघालं तर पाना अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या अग्निजलखांबाचा (फायर हायड्रंटचा) असण्याची शक्यता मोठी. पाच बाजूंच्या नटात कुठल्याही दोन बाजू समांतर नसतात, त्यामुळे साधा पाना तिथे पकड घेत नाही. कुणीही येऊन पाणी सोडू नये, म्हणून ही युक्ती.

खरा गोंधळ मापाचा होतो. पान्यावर १/४ लिहिलंय, तोंड मोजलं तर अर्ध्या इंचाहून मोठं भरतं, आणि माणूस म्हणतो, पाना झिजला. पाना झिजलेला नसतो, तो व्हिटवर्थचा असतो. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडात आट्यांचं, म्हणजे बोल्टवरच्या पेचांचं, पहिलं प्रमाण मांडलं, ५५ अंशांच्या आट्यांचं. त्या पद्धतीत पान्यावरचा आकडा तोंडाचा नसून बोल्टच्या दांडीचा असतो. म्हणून १/४ च्या पान्याचं तोंड ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर भरतं. ५/१६ चं १५.२, ३/८ चं १८, ७/१६ चं २०.८ आणि १/२ चं २३.४ मिलिमीटर. अमेरिकी पद्धतीत आणि आपल्या आजच्या मेट्रिक पान्यांवर मात्र तोंडाचंच माप असतं. अमेरिकी पान्यावरचं १/२ म्हणजे १२.७ मिलिमीटर, बस्स.

आपल्याकडच्या कारागिरानं हा घोळ आपल्या परीनं सोडवला होता. इंचाचे आठ सूत. १/४ म्हणजे दोन सूत, ५/१६ म्हणजे अडीच, ३/८ म्हणजे तीन, १/२ म्हणजे चार. ‘तीन सुती पाना दे’ म्हटलं की पोरगं बरोबर १८ मिलिमीटरच्या तोंडाचा पाना आणायचं आणि मिलिमीटर हा शब्द मधे यायचाच नाही. मेट्रिक आल्यावर बोलणं बदललं: दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. दुतोंडी पान्याचं नाव त्याच्या दोन तोंडांवरून. आजही फॅब्रिकेशनवाला सळईचं माप सुतात सांगतो आणि नटाचं मिलिमीटरमध्ये, आणि त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

ब्रिटिश पान्यावर बऱ्याचदा एकाच तोंडाजवळ दोन मापं दिसतात, १/४ डब्ल्यू (व्हिटवर्थ) आणि ५/१६ बी. एस. दुसरं माप बारीक आट्यांच्या ब्रिटिश बोल्टचं. त्या पद्धतीत त्याच बोल्टला एक पायरी लहान डोकं असायचं, म्हणून तोंड एक आणि नावं दोन. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायला जाड आट्यांच्या बोल्टचीही डोकी याच लहान मापावर आणली गेली. त्यामुळे जुन्या १/४ डब्ल्यूच्या पान्यात नंतरचा अडीच सुती व्हिटवर्थ बोल्ट बसतो. दोन्ही खरं आहे, आणि या एका बारकाव्यावरून भले भले फिटर भांडतात.

मोजताना व्हर्नियर (सरकत्या जबड्याची बारीक मोजपट्टी) तोंडाच्या मुळाशी, मधे आणि टोकाशी असा तीन ठिकाणी लावावा. टोकाशी जास्त भरलं तर जबडा फाकलाय, आणि मूळचं माप तळाशीच मिळेल. व्हर्नियर नसेल तर नव्या बोल्टांची डोकी घालून बघावीत (एम ६ म्हणजे ६ मिलिमीटर दांडीचा मेट्रिक बोल्ट): एम ६ ला १०, एम ८ ला १३ मिलिमीटरचं डोकं असतं, एम १० ला १७ किंवा १६, एम १२ ला १९ किंवा १८. नव्या पान्याचं तोंडही नटाहून एक-दोन दशांश मिलिमीटर मोठंच असतं, तेवढं सोडून द्यावं. काही मापं एकमेकांत चालतात. तीन सुती व्हिटवर्थला १८ चा पाना नीट बसतो, पाऊण इंची अमेरिकी नटाला १९ चा. पण दोन सुती व्हिटवर्थला १३ चा शिरत नाही आणि १४ चा ढिला पडतो. तोच ढिला पाना ताकद लावून फिरवला की नटाचे कोपरे मारले जातात, मग पाइप पाना, मग छिन्नी, मग कटर. जुन्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनांच्या, जुन्या बुलेटच्या कितीतरी नटांचं असं गोल गरगरीत भजं झालेलं दिसतं, ते याच अर्ध्या-पाऊण मिलिमीटरमुळे.

आकड्यांकडे वळलं की आणखी एक भूल. ओतीव पान्यावर उठावात चार आकडी संख्या असली की लोक तिला साल समजतात. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीबरोबर येणाऱ्या प्लगच्या पान्यावर टी-१९१७ असं असतं, आणि तो १९१७ चा म्हणून विकला जातो. तो सुट्या भागाचा क्रमांक आहे. कारखान्यात साचे ओळखायला असे क्रमांक द्यावेच लागत. सालाचा अंदाज दुसऱ्या खुणांवरून काढावा. अमेरिकी पेटंटचा क्रमांक दहा लाखांच्या पुढचा असेल तर पाना १९११ नंतरचा, वीस लाखांच्या पुढचा असेल तर १९३५ नंतरचा. डी. आर. जी. एम. ही अक्षरं जर्मनीतली, तिथल्या नोंदणीकृत नमुन्याची, १८९१ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतची. पश्चिम जर्मनी लिहिलं असेल तर १९४९ ते १९९० च्या दरम्यानचा. एका बिंदूत मिळणाऱ्या तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश लष्कराची खूण, आणि त्या बाणाबरोबर इंग्रजी आय असेल तर माल हिंदुस्थानातल्या लष्कराचा. खडकी-देहूरोडच्या शेजारामुळे पुण्याच्या बाजारात अशा खुणांचा माल दिसला तर नवल नाही. जी. आय. पी. ही अक्षरं असतील तर पाना रेल्वेचा आणि ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा, कारण त्या दिवशी ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची मध्य रेल्वे झाली. मिलिमीटरचं माप कोरलेला देशी पाना बहुधा १९५८ नंतरचा. मेट्रिकचा कायदा १९५६ चा, अंमल १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं.

पुसट अक्षरं वाचायची सोपी रीत: पाना रॉकेलनं पुसून कोरडा करायचा, वर रांगोळी किंवा खडूची पूड चोळायची आणि फडक्यानं वरवर झटकायची. खोलगट अक्षरांत पूड राहते. उठावाची अक्षरं असतील तर वर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासायची. दिवा समोरून नको, बाजूनं, जवळजवळ पान्याच्या पातळीतून.

लांबी ही पान्याची कबुलीच असते. साध्या दुतोंडी पान्याची लांबी मोठ्या तोंडाच्या दहा-बारा पट असते, कारण त्या बोल्टला जेवढा पीळ सोसतो तेवढाच माणसाच्या हातून बसावा. तोंड मोठं आणि दांडा आखूड, चार-पाच पटच, असेल तर काम हलकं होतं: पितळी ग्लँड (गळती थांबवणारी टोपी), पातळ चेक-नट (मूळ नट सैल होऊ नये म्हणून वर आवळायचा), एखादं झाकण. उलट दांडा वीस पट लांब असेल तर जड बोल्ट, उदाहरणार्थ रुळांच्या सांध्यावरचा फिशप्लेटचा. शेपूट निमुळती, गाजरासारखी असेल तर पाना लोखंडी सांगाडे उभारणाऱ्यांचा. ती शेपूट दोन पट्ट्यांच्या भोकांत घालून भोकं जुळवतात, मग बोल्ट टाकतात. परांचीच्या क्लॅम्पला लागणारा पाना इंग्लंडात आजही ७/१६ व्हिटवर्थचाच, २१ मिलिमीटरचा. शेपटीला आरपार भोक असेल तर आडवा दांडा घालून फिरवायचा किंवा नुसतं टांगायचं, हे भोकाच्या कडा सांगतात. दांड्यानं घासलेलं भोक अंडाकृती झालेलं असतं.

झिजेचंही असंच. उघड्या तोंडाचा पाना जोर लावताना फक्त दोन जागी टेकतो, एका जबड्याच्या टोकाशी आणि दुसऱ्याच्या मुळाशी. एकाच कर्णावर खड्डे असतील तर पाना कायम एकाच बाजूनं, एकाच दिशेनं चालला: एखाद्या जागी रोज आवळण्याचं काम. दोन्ही कर्णांवर असतील तर उलटसुलट फिरलाय. दांड्यावर गोल ओरखडे म्हणजे कुणीतरी पाइप चढवून जोर केलाय. शेपूट पसरून छत्रीसारखी झाली असेल तर हातोडीचे घाव आहेत, आणि तो बोल्ट गंजून धरणाऱ्या जागी होता.

एवढं करूनही काही पाने दाद देत नाहीत. तेव्हा प्रश्नच चुकलेला असतो. प्रत्येक पान्याला नट असतोच असं नाही.

हातपंपाचे पाने घ्या. गावाच्या चावडीवरचा इंडिया मार्क टू पंप सत्तरच्या दशकात तयार झाला, पण त्याची मुळं जालना आणि सोलापूरच्या मिशनरी कार्यशाळांत आहेत. ओतीव बिडाचे पंप गावच्या वापरात टिकेनात, म्हणून तिथे पोलादी पंप बनवायला सुरुवात झाली, आणि सोलापूर पंपाच्या धाटणीवर पुढे मार्क टू उभा राहिला. त्याच्या हत्यारांत १७-१९ चा वाकडा पाना आहे, तो सरळ ओळखू येतो, कारण पंपाच्या एम १२ बोल्टांना १९ चं डोकं. घोटाळा होतो तो लांब दांड्याच्या लिफ्टिंग पान्यांचा. त्यांच्या तोंडात कुठलाच नट बसत नाही. बोअरमध्ये ३२ मिलिमीटरच्या, तीन-तीन मीटरच्या जस्ती पाइपांची माळ लोंबकळत असते, आत १२ मिलिमीटरच्या सळया. तीस मीटरवर सिलिंडर असेल तर असे दहा पाइप, आणि आत पाणी. ही माळ वर उचलायला दोघा-तिघांनी पाइपच्या अंगाला हे पाने लावून उचलायचं, क्लॅम्पमध्ये अडकवायचं, एक पाइप खोलायचा, पुन्हा उचलायचं. क्लॅम्प निसटला की सगळी माळ बोअरच्या तळाशी. त्या पान्याला नटाचे कोन नाहीत, कारण त्याला फिरवायचं नाही, धरायचं आहे.

तेलाच्या पिंपाचा पाना असाच फसवतो. एका सपाट ओतीव डोक्याला तीन-चार वेडेवाकडे दात, खाचा, एक चौकोनी उंचवटा. पिंपाच्या दोन इंची आणि पाऊण इंची बुचांना आतून वेगवेगळ्या खाचा असतात, त्या सगळ्यांत काही ना काही बसावं म्हणून हा अवतार. तो पिवळसर धातूचा असेल आणि चुंबक चिकटत नसेल तर तो ठिणगी न पाडणारा, पेट्रोल किंवा दारूगोळ्याच्या जागी वापरायचा. असा पाना पितळेच्या भावात भंगारात घालू नये.

अर्धचंद्राकृती, टोकाला आत वळलेलं एकच नख असलेला पाना गोल नटाचा असतो. त्या नटाला कोन नसतात, कडेला खाचा असतात. सायकलच्या खालच्या धुरीपासून लेथच्या स्पिंडलपर्यंत तो दिसतो. नखाची जाडी खाचेचं माप सांगते, चंद्राची गोलाई नटाचा व्यास.

माणसाच्या छातीपर्यंत येणारा पाइप, वर आडवी मूठ, खाली निमुळता चौकोनी खळगा: ही पाणीपुरवठ्याची चावी. मुंबईत ती वापरणारा तो चावीवाला, आणि कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी येणार ते त्याच्या मनगटावर अवलंबून. खळगा निमुळता अशासाठी, की चिखलपाण्यानं भरलेल्या खड्ड्यात न दिसताही व्हॉल्व्हच्या टोपीवर तो आपोआप बसावा आणि अडकून राहू नये. व्हॉल्व्ह बंद करायला किती फेरे, याचा अमेरिकेतला ठोकताळा व्यासाच्या दर इंचाला तीन आणि वर दोन-तीन असा आहे, म्हणजे बारा इंचीला अडतीस-एकोणचाळीस. हे फेरे घाईत मारले तर धावतं पाणी एकदम थांबून पाइपात घणाचा घाव बसतो आणि जुना जोड तिथेच फुटतो.

आणि घरातल्या डब्यात सापडणारा, पत्र्यातून ठोकून काढलेला, पाच-सहा वेगवेगळ्या खाचांचा चपटा तुकडा? तो बत्तीचा. गॅसबत्ती विकत घेतली की बरोबर मिळायचा: एक खाच निपलला, एक मोठ्या नटाला, एक पंपाच्या झडपेला. त्याच्याच भावकीतला स्टोव्हचा निपल-पाना, बारीक दांडीचा, टोकाला टोपीसारखा खळगा असलेला, बर्नरच्या वाटीत उतरवायचा. पितळी निपलला हा पाना दोन बोटांत धरून फिरवायचा असतो. मुठीनं आवळला की आटे जातात, रॉकेल बाजूनं झिरपतं आणि निळ्या ज्योतीची पिवळी होते. दांडा एवढा बारीक का, याचं उत्तर त्यातच आहे.

ओळख पटली की साफसफाई. गंज असेल तर रात्रभर साध्या व्हिनेगरमध्ये, मधे दोनदा बघत, मग पितळी ब्रश, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारायचं, लगेच कोरडं करून तेल. स्प्रिंग किंवा फार कडक पोलाद असेल तर व्हिनेगर नको, आम्लानं ते ठिसूळ होतं. लष्करी पान्यावर पिवळसर-करडा मुलामा दिसला तर घासू नये, तो कॅडमियमचा असू शकतो आणि त्याची धूळ विषारी. ओतीव पाना कामाला लावायचा असेल तर हाताच्या जोरापुरताच. पाइप चढवला की तो वाकत नाही, सरळ तुटतो, आणि आपला हात पुढच्या लोखंडावर आदळतो.

नट अजूनही सापडला नसेल तर पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर तोंडाची तीन मापं, कोन, लांबी, वजन आणि अंगावरची अक्षरं जशीच्या तशी लिहावीत, आणि तो पुठ्ठा बारीक तारेनं शेपटीच्या भोकाला बांधून ठेवावा.